पापुद्रा

“गळंल की वो,” रखमाजी म्हणाला आणि त्यानं तळवा पेल्याखाली धरला.

आनंदराव मास्तर ओतत राहिले. पितळी भांड्यातून काळी कॉफी पेल्यात पडत होती. पेला मुठीत मावेल एवढा, पांढरा, कान नसलेला. पोटावर तांदळाच्या दाण्याएवढी भोकं, फुलाच्या पाकळ्यांसारखी मांडलेली. ती आरपार होती. मघाशी रिकामा पेला रखमाजीनं खिडकीकडे धरला होता, तेव्हा प्रत्येक भोकातून बाहेरचं ऊन आत आलं होतं आणि मास्तरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर एक फिकं फूल हललं होतं.

पेला भरला. तळवा कोरडाच राहिला.

“काचेनं बुजवलीत,” मास्तर म्हणाले. “पाणी अडतं. उजेड अडत नाही. पी आता.”

“ह्यातनं?”

“मग कशातनं?”

रखमाजीनं पेला दोन्ही हातांनी धरला, घोट घेतला, आणि तो गिळायचा की कसं याचा जरा विचार केला.

“कडू हाय.”

“सवय लागते.”

“कडूची कशाला सवय लावायची, मास्तर?”

मास्तर मोठ्यानं हसले. मागच्या लढाईत ते सरकारी नकाशे काढायला बसऱ्याला गेले होते. तिथून दोन गोष्टी घेऊन आले, कॉफीचं वेड आणि हा पेला. इराणातल्या कुणा कुंभारानं दोनशे वर्षांपूर्वी केलेला, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. भोरच्या शाळेत चित्रकला शिकवण्यात त्यांची उमर गेली. पेला कपाटात राहिला. आता नोकरी संपली होती, आणि माघात भोरला शेतकीचं आणि हातकामाचं प्रदर्शन भरणार होतं.

“असे सहा करायचे. आपल्या मातीचे. काच कुटून, वितळायला टाकणखार घालून मी तयार करून देतो. भट्टी दोघं मिळून बांधू. माती तुझी, हात तुझे. जमेल?”

रखमाजी कामथडीचा कुंभार. बाजाराच्या दिवशी भोरला मडकी घेऊन येई. लोक मडकं उचलत, बोटाच्या पेरानं वाजवत, आवाज नीट आला की घेत. वाजवून घेत, पण बघत कुणी नसे. त्याच्या हातचं भांडं कुणी उन्हाकडे धरेल, हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं.

“जमंल,” तो म्हणाला.

*पण*

घरी रखमाजीनं सांगितलं, तसा त्याच्या बायकोचा, ठकुबाईचा हात परातीत थांबला.

“भोकं?”

“नक्षी हाय ती.”

“नक्षी काढायची तर बोटानं रेघ वढा. भोकं कशापायी?”

“काचंनं बुजवायची असत्यात.”

“बुजवायचीच तर पाडायची कशाला?”

रखमाजीनं पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं.

कामथडीत भोकाचं मडकं एकाच कामाचं. माणूस गेलं की कुणीतरी येऊन कुंभाराच्या दारात उभं राही. बोलत नसे. ठकुबाई आतून मडकं आणून देई. ते सबंध असे. भोक पाडायचं ते मसणात, पाण्यानं भरलेलं मडकं खांद्यावर घेऊन फिरताना, मागून दगडानं. कुंभारानं पाडायचं नाही. रखमाजीच्या बापानं पाडलं नव्हतं, आज्यानं पाडलं नव्हतं. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगावं लागतच नव्हतं.

“महादेवाच्या पिंडीवर गळती टांगत्यात,” रखमाजी म्हणाला, “तिला न्हाई व्हय भोक?”

“ती तांब्याची. आन तिच्यातनं कोन पितंय? तुमी त्वांडाला लावायचं भांडं करनार, आन घरात पोर अशी.”

पोर म्हणजे चंद्रा. बाळंतपणाला माहेरी आली होती, सातवा सरत आला होता. मागच्या खेपेचं पाचव्यातच गेलं होतं. ती पडवीत पाय पसरून बसली होती आणि सगळं ऐकत होती.

“आबा, त्यो पेला दिसतुया कसा?”

“आत दिवा लावल्यावानी. दिवा नसताना.”

“मंग लई झ्याक असंल.”

“तू गप,” ठकुबाई म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून, आवाज उतरवून, “येवढी मोकळी हूंद्या. मंग पाडा किती पाडायची ती. गावाची चाळन करा.”

“परदर्शन माघात हाय.”

“आन ही फाल्गुनात.”

भाकरी तव्यावर करपली, तेव्हा ठकुबाई उठली.

*तरी*

त्यानं पेले घडवले. नुकतीच संक्रांतीची सुगडं करून झाली होती, त्यामुळं हात लहान मापाला बसलेला होता. माती तळ्याची, तीनदा गाळलेली. पोट पातळ आलं, काठ त्याहून पातळ. एरवी रांजण घडवणारा तो, पण त्या दिवशी चाकावरून पेला दोऱ्यानं कापून उचलताना श्वास धरून राहायचा.

पेले कडक होईपर्यंत सावलीत ठेवले.

मग काटा.

बाभळीचा, लांब, सरळ. उजव्या हातात काटा, डाव्या हाताचं बोट पेल्याच्या आत, भिंतीला टेकवलेलं. बाहेरून काटा येऊ लागला की आतल्या बोटाला आधी काही कळत नाही. मग माती किंचित फुगल्यासारखी वाटते. मग टोक.

टोक आलं.

“आबा, पानी आनू का?” पडवीतून चंद्रानं विचारलं.

रखमाजीनं काटा मागं घेतला. बाहेरून खड्डा पडला होता, दाण्याएवढा, सुबक. आत बोटाखाली मातीचा पापुद्रा तसाच होता. कांद्याच्या सालीएवढा.

“नगं,” तो म्हणाला.

दुसरा खड्डा. बोटाला टोक कळलं की थांबायचं. तिसरा. हात शिकला. कुठं थांबायचं ते इतकं नेमकं कळू लागलं की त्याला स्वतःच्या बोटाचं कौतुक वाटलं, आणि लगेच लाज वाटली. एवढ्या पातळातून उजेड जाईल, असं त्याला वाटलं. म्हणजे त्यानं तसं वाटून घेतलं.

खड्ड्यांत मास्तरांनी बरणीतून दिलेली काचेची पूड डिंकात कालवून भरली. खड्डे सोडून वरून शाडूचा पांढरा हात दिला, आतून सगळीकडे दिला. आता आत काय आहे ते कुणाला दिसणार नव्हतं.

रविवारी मास्तर सर्व्हिस मोटारीनं आले. पेले पाहिले. बोट लावायचं धाडस त्यांना झालं नाही, मागं हात बांधून वाकून पाहत राहिले.

“पाडलीस?”

“पाडली.”

संध्याकाळी ठकुबाईनं विचारलं, “पाडली का?”

“न्हाई.”

*आणि*

भट्टी निवायला वेळ लागला. मास्तरांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. वरच्या विटा काढल्या, राखेपासून जपायला घातलेली मोठी मडकी बाजूला केली, आणि आतून पेले निघाले. पांढरे, चकचकीत. एकाचा काठ वाकला होता, बाकीचे चांगले. भोकांच्या जागी काच वितळून सपाट झाली होती. अंगठा फिरवला तर कुठं अडत नव्हता.

“रखमाजी,” मास्तर म्हणाले.

मग त्यांनी एक पेला उचलून सूर्याकडे धरला.

फिरवला. पुन्हा धरला. दुसरा घेतला. तिसरा. रखमाजी भट्टीच्या विटा एकावर एक रचत राहिला. त्या रचायची काही गरज नव्हती.

“येत नाही,” मास्तर म्हणाले.

“न्हाई?”

“भोकं दिसतात. उजेड येत नाही.” त्यांनी पेला डोळ्याजवळ नेला, लांब धरला. “काच कमी वितळली म्हणावं तर तसंही नाही. माती असणार. आपली मातीच जाड आहे, रखमाजी. तिकडची वेगळी.”

त्या वेळी बोलायचं होतं. विटा हातात होत्या, चंद्रा दारात येऊन उभी राहिली होती, ठकुबाई तिच्यामागं. दोघी बघत होत्या. ठकुबाईला ऐकायचं होतं की भोकं नाहीत. समोरच्या माणसाला ऐकायचं होतं की भोकं आहेत.

“असंल,” रखमाजी म्हणाला.

*म्हणून*

प्रदर्शनात मास्तरांनी टेबलावर दोन्ही ठेवले. बसऱ्याचा पेला आणि कामथडीचे पेले. शेजारी शेगडीवर कॉफी. रखमाजी धुतलेलं पागोटं बांधून टेबलामागं उभा. माणसं पलीकडच्या वळूंकडून येत, जरा थांबत, वास घेत.

“काय हो हे? काढा?”

“कॉफी. घ्या.”

“ह्यात? नको नको. वास घेतला, पावलं.”

मास्तर चिडत नसत. प्रत्येकाला दोन्ही पेले उन्हात धरून दाखवत. “हा तिकडचा. बघा, उजेड येतो. हा आपला. घडण बघा, कुठं कमी नाही. पण उजेड येत नाही. आपली माती जाड.”

“आन मानसं, मास्तर? ती काय पातळ हायेत?” भोंगवलीचा एक पाटील म्हणाला. सगळे हसले.

रखमाजीही हसला.

दिवसभर तो ते ऐकत राहिला. आपली माती जाड. दुपारनंतर तर मास्तरांनी सांगायच्या आधीच लोक एकमेकांना सांगू लागले. ज्या मातीला रोज सकाळी पाय लावायच्या आधी तो हात जोडत असे, तिला त्यानं सगळ्या मुलखासमोर उभं केलं होतं आणि तिच्यावर आळ घेऊ दिला होता. ती काही बोलणार नव्हती. तिची त्याला खात्री होती.

संध्याकाळी मास्तरांनी पेले फडक्यात बांधून त्याच्या हातात दिले. “तुझ्याकडेच असू देत. तुझं काम चांगलं झालं. मला वाईट वाटलं ते मातीचं.”

त्यानंतर रविवारची मोटार येई आणि जाई. मास्तर तिच्यातून उतरले नाहीत.

*आणि तरी*

फाल्गुनात चंद्राला मुलगा झाला. तो रडला नाही. सुईणीनं पायाला धरून उलटा केला, पाठीवर थापटलं, तोंडात फुंकर घातली. मग तिनं त्याला फडक्यात गुंडाळलं.

ठकुबाई बाहेर आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

“पाडली हुती तुमी.”

“न्हाई.”

“भोरात सारी म्हनत हुती, भोकाचं पेलं. वळूवाल्या गेनूनं सोता बगितलं. समद्यांनी बगितलं. मलाच तेवढं न्हाई सांगत तुमी.”

“न्हाई पाडली.”

“माज्या लेकीच्या पोटात काटा घातला तुमी.”

रखमाजी आत गेला. फडकं सोडलं, एक पेला घेतला, उंबऱ्यावर ठेवला आणि पाट्यावरचा वरवंटा त्यावर टाकला. तुकडे झाले. एक तुकडा उचलून त्यानं ठकुबाईच्या हातात दिला. तुटलेल्या कडेवर सगळं स्पष्ट दिसत होतं. बाहेरून आत आलेली काच, आणि तिच्या बुडाशी लाल मातीचा पापुद्रा, सलग, कुठंही न फाटलेला.

ठकुबाईनं तो तुकडा उलटा केला. पुन्हा सुलटा केला. बोटानं पापुद्रा चाचपला.

“मंग आता म्या कुनाला बोलू?” ती म्हणाली.

ती तिथंच उंबऱ्यावर बसली, तुकड्यांत.

महिन्याभरानं सासरचे चंद्राला न्यायला आले. बैलगाडीत चढताना ती बापाच्या पाया पडली. उंबऱ्यावरचा तो तुकडा तिनंही पाहिला होता. वाकलेलीच असताना, आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात ती म्हणाली,

“पाडायची हुती, आबा.”

*नंतर*

चंद्राला पुन्हा मूल झालं नाही. सासरच्यांनी दुसरी केली. चंद्रा चार दिवस माहेरी आली ती कायमचीच.

ठकुबाई गेली तेव्हा दारात येऊन कुणी उभं राहायची वाट रखमाजीनं पाहिली नाही. मडकं त्यानंच आणून पुतण्याच्या हाती दिलं. सबंध.

दुसरी लढाई सुरू झाली. भोरच्या बाजारात जर्मलची, अ‍ॅल्युमिनियमची भांडी आली, ती लोक न वाजवताच घेऊन जात.

*आणि एक दिवस*

चंद्रा माळा झाडत होती. तिला एक बरणी सापडली, तोंडाला कातडं बांधलेली.

“आबा, ह्यात भुकटी हाय कसली तरी. टाकू?”

“ऱ्हाऊ दे.”

“मास्तरांची व्हय?”

ती बरणी घेऊन खाली आली, पदरानं पुसली आणि चाकाजवळ ठेवली. तशी ती आठ-पंधरा दिवस तिथंच होती. रखमाजी तिला वळसा घालून चाकावर बसत होता.

“एक पेला करा,” एका सकाळी चंद्रा म्हणाली.

“आता कुनासाठी?”

“करा. भोकं म्या पाडते.”

“बाईमानसानं—”

“चाकाला हात लावत न्हाई म्या. काट्याला कुनी नगं म्हटलंय? आन माजं आता काय वाईट व्हायचं ऱ्हायलंय, ते तरी सांगा.”

रखमाजीनं पेला केला. बऱ्याच वर्षांनी केला, तरी पेला पातळ आला. कडक झाल्यावर त्यानं तो मांडीवर धरला, डाव्या हाताचं बोट आत घातलं. चंद्रा समोर बसली. काटा तिनं तोडून आणला होता.

तिनं दाबला.

बोटाला माती फुगलेली कळली. मग टोक कळलं. आणि चंद्रा थांबली नाही.

“लागलं?”

“न्हाई.”

“रगात आलंय.”

“येऊ दे. पाड फुडचं.”

ती पाडत गेली. फुलाच्या पाकळ्या वाकड्यातिकड्या झाल्या. एक दाणा भलतीकडेच गेला. रखमाजीनं एकदाही बोट काढलं नाही.

बरणीतली पूड भरून भाजलेला पेला भट्टीतून निघाला तेव्हा त्याला कोळपल्याचा डाग होता आणि काठाला बारीक चीर होती. त्यात कॉफी राहिली असती की नाही, देव जाणे. चंद्रानं तो उन्हात धरला.

तिनं बापाला हाक मारली नाही. तो शेजारीच होता आणि त्याला दिसत होतं. तिच्या लुगड्यावर, कपाळावर, मागच्या भिंतीवर.

माती जाड नव्हती.

*तेव्हा*

भोरला मास्तरांच्या घरी सून दार उघडायला आली. रतनबाई तिचं नाव. “बसा. जरा जवळ जाऊन बोला,” ती म्हणाली. “दिसत नाही आता त्यांना. दोन वर्षं झाली. डाव्यानं आधी थोडं दिसायचं, आता तेही नाही.”

रखमाजी ओसरीच्या पायरीवरच थांबला. चंद्रा मागं होती. तिनं त्याच्या पाठीला हळूच बोट लावलं.

“कोण?” मास्तरांनी विचारलं. ते आतल्या बाजूला भिंतीकडे तोंड करून पाटावर बसले होते.

“म्या रखमाजी. कामथडीचा.”

“रखमाजी! अरे ये. रतन, कॉफी टाक. कडूच आहे अजून, बरं का.”

रखमाजी त्यांच्याजवळ जाऊन बसला. फडकं मांडीवर होतं. ते सोडायच्या आधीच तो बोलला, नाहीतर राहिलं असतं.

“मास्तर, माती जाड नव्हती. म्या भोकं आरपार पाडली न्हाईत. पापुद्रा राखला हुता.”

मास्तरांचा चेहरा आवाजाच्या दिशेनं वळला, थोडा चुकून, त्याच्या खांद्याकडे.

“का रे?”

“भ्यालो.”

आत भांडं वाजलं. मास्तरांनी गुडघ्यावरचं धोतर सारखं केलं. मग म्हणाले, “तुझी मुलगी तेव्हा बाळंतीण व्हायची होती. दारात उभी होती, मला आठवतं.”

“व्हय.”

“मला सांगायचंस. मी थांबलो असतो. पुढच्या वर्षी केलं असतं.”

एवढंच म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकणं रखमाजीला फार अवघड गेलं. पुढचं वर्ष. ते त्याला तेव्हा सुचलंच नव्हतं. ठकुबाईलाही नाही. पेला नाहीतर पोर, एवढंच दोघांना दिसलं होतं, आणि थांबाल का म्हणून ज्यांना विचारायचं त्यांना कुणी विचारलंच नाही.

त्यानं फडकं सोडून पेला मास्तरांच्या हातात ठेवला.

मास्तरांनी तो दोन्ही हातांत फिरवला. बोटं काठावरून गेली, चिरेवर थांबली, पोटावर आली. अंगठा नक्षीवरून पुढं-मागं गेला. काच सपाट होती, अंगठ्याला काहीच लागलं नाही.

“कुणी पाडली?”

“माज्या लेकीनं.”

“येतो उजेड?”

“येतुय.”

मास्तर सावरून ताठ बसले. गळ्याशी सदऱ्याची गुंडी लावली. मग पेला उचलून डोळ्यांसमोर धरला, जसा पूर्वी धरत तसाच, हात लांब करून, मान जरा मागं घेऊन. समोर भिंत होती.

ऊन त्यांच्या मागं होतं, ओसरीच्या दारात.

रखमाजी उठला. त्यानं मास्तरांच्या कोपराखाली हात दिला आणि सावकाश, पाट सरकू न देता, त्यांना दाराकडे वळवू लागला. कपाळावर उजेडाचा पहिला दाणा आला, मग मिटल्यासारख्या पापणीवर, मग गालावर सगळं वाकडंतिकडं फूल.

“अजून?” मास्तरांनी विचारलं.